नस स्नायूतून जाते तेव्हा

कुल्ल्याच्या आत, त्रिकास्थीपासून मांडीच्या हाडापर्यंत तिरका ताणलेला एक स्नायू असतो: पिरिफॉर्मिस. नावाचा लॅटिन अर्थ नासपतीच्या आकाराचा. शरीरातली सर्वांत जाड नस, सायटिक, बहुतेकांत त्याच्या खालून पायाकडे उतरते. पण सगळ्यांत नाही. शरीररचनाशास्त्रज्ञ बीटन आणि अॅन्सन यांनी 1937 मध्ये नस आणि स्नायू यांच्या या नात्याचे सहा प्रकार मांडले. शवविच्छेदनांत साधारण सहापैकी एका बाजूला वेगळी रचना सापडते. त्यातली नेहमीची म्हणजे नस वरच दुभंगते. एक फाटा स्नायूच्या पोटातून आरपार जातो, दुसरा खालून.

मग सायटिकाची कळ यामुळेच येते का? तसं वाटणं साहजिक आहे. मात्र पिरिफॉर्मिसच्या दुखण्यासाठी शस्त्रक्रिया झालेल्यांतही हे प्रमाण जवळपास तेवढंच दिसलं. म्हणून एमआरआयमध्ये अशी नस दिसली म्हणजे दुखण्याचं कारण सापडलं, असं मानू नये. कंबरेच्या मणक्यांतली चकती आधी तपासायलाच हवी.

शस्त्रक्रियेच्या टेबलावर मात्र हा फरक फार मोलाचा. खुबा बदलताना मागच्या बाजूने शिरणारा सर्जन हाच स्नायू हाडापासून सोडवतो, आणि त्यातून जाणारा फाटा दुखावला तर पाऊल लुळं पडू शकतं.