दल सरोवराची थंडी

काश्मिरात २१ डिसेंबर ते ३० जानेवारी या चाळीस दिवसांच्या कडाक्याला स्वतंत्र नावच आहे, 'चिल्लई कलान'. २१ डिसेंबर २०२४ रोजी श्रीनगरात पारा उणे ८.५ अंशांवर उतरला होता. रजा प्रवास सवलत घेऊन आम्ही मुद्दाम याच दिवसांत सहकुटुंब दल सरोवरावर गेलो.

सकाळी काठचे पाणी काचेसारखे गोठलेले, नळही गोठलेले. शिकारावाला वल्ह्याने बर्फ फोडत वाट काढतो. बघायला मौज वाटते. पण त्याचे भेगाळलेले हात पाहिल्यावर भाड्यात घासाघीस करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

अंगात पायघोळ फेरन आणि त्याच्या आत कांगडी, म्हणजे विणलेल्या टोपलीत बसवलेले निखाऱ्यांचे मातीचे भांडे. हातात मिठाचा गुलाबी चहा. आमच्या सौ.ना पहिला घोट रुचला नाही; तिसऱ्या पेल्याला त्यांनीच हात पुढे केला! मासे कसे जगतात, हा मुलांचा प्रश्न. तर पाणी ४ अंशांना सर्वांत जड होऊन तळाशी राहते, बर्फ वरच तरंगतो.

जाणाऱ्यांनी लोकरी मोज्यांचे दोन जोड न्यावेत, फेरन तिथेच मिळतो. मात्र कांगडी घेऊन झोपू नये, आणि कोळसा पेटता ठेवून खोली गच्च बंद करू नये. त्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो.