गॅस कारागिरांची नोंदणी : ब्रिटनमधील स्थित्यंतर आणि सिंदेवाही परिसराच्या संदर्भात त्याचा अर्थ

प्रस्तावना

चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुका हा भातशेतीचा आणि जंगलाचा प्रदेश आहे. तालुक्यातील बरेचसे जंगल ब्रह्मपुरी वनविभागात मोडते, तर शिवणी परिसरातील वनक्षेत्र ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या बफर क्षेत्रात येते. येथील स्त्रियांच्या दृष्टीने सरपण आणणे हे केवळ कष्टाचे काम नाही. वाघाच्या हल्ल्याचे भय मनात ठेवून करावयाचे ते काम आहे. त्यामुळे या भागात स्वयंपाकाच्या गॅसचा प्रसार हा सोयीपुरता मर्यादित विषय राहत नाही. १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातील बलिया येथून सुरू झालेली प्रधानमंत्री उज्ज्वला योजना आणि महाराष्ट्र शासनाची २०१५ मधील डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना यांच्याद्वारे वनालगतच्या अनेक घरांत प्रथमच सिलिंडर पोहोचले.

सरपणाचे भय कमी करणारी ही वस्तू स्वतःचा एक धोका घेऊन घरात येते. शेगडी जोडणारा, रबरी नळी बदलणारा, बर्नर दुरुस्त करणारा माणूस कोण? त्याची पात्रता कोणी तपासली? ग्राहकाने ती कशी ओळखावी? ब्रिटनमध्ये या प्रश्नांना गेल्या अर्धशतकात टप्प्याटप्प्याने उत्तर दिले गेले आणि २००९ मध्ये तेथील नोंदणीपद्धती मुळापासून बदलण्यात आली. प्रस्तुत लेखात त्या बदलाचे स्वरूप स्पष्ट करून वनप्रदेशातील ग्राहकाच्या दृष्टीने त्याचा विचार केला आहे.

धोक्याचे स्वरूप

घरगुती सिलिंडरमधील द्रवरूप वायू हा मुख्यतः प्रोपेन व ब्युटेन यांचे मिश्रण असतो. तो हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाल्यास वर न जाता जमिनीलगत साचतो. हवेत त्याचे प्रमाण सुमारे दोन टक्के झाले तरी ठिणगीने स्फोट होऊ शकतो. मुळात या वायूला वास नसतो. गळती ध्यानात यावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन हे उग्र वासाचे द्रव्य मिसळले जाते. दुसरा धोका अधिक फसवा आहे. ज्वलन अपुरे झाल्यास कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. गळती निदान नाकाला कळते. सदोष बर्नर व कोंदट खोली यांतून निर्माण होणारा हा विषारी वायू मात्र झोपेतच माणसाचा जीव घेऊ शकतो. म्हणूनच गॅसचे काम हे वरवर साधे दिसले तरी ज्ञानाची अपेक्षा करणारे आहे.

ब्रिटनमधील नोंदणीचा उगम

१६ मे १९६८ रोजी पहाटे पूर्व लंडनमधील रोनन पॉइंट या २२ मजली इमारतीत एका गृहिणीने चहासाठी काडी ओढली आणि स्फोट झाला. इमारतीचा एक संपूर्ण कोपरा कोसळला व चार जण मृत्युमुखी पडले. चौकशीत शेगडीच्या जोडणीतील निकृष्ट पितळी नट हे गळतीचे कारण असल्याचे आढळले. इमारतीच्या बांधणीतील दोषामुळे हानी वाढली हे खरे. परंतु आरंभ झाला तो एका छोट्या सुट्या भागापासून.

या दुर्घटनेनंतर १९७० मध्ये 'कॉर्गी' या संक्षिप्त नावाने ओळखली जाणारी गॅस जोडणीकारांची नोंदणी सुरू झाली. ती ऐच्छिक होती. ज्याला दर्जा सिद्ध करावयाचा, तो नोंदणी करी. ज्याला तपासणी नको, तो बाहेर राही. ऐच्छिक नोंदणीची मर्यादा नेमकी हीच असते. जो मुळातच काळजीपूर्वक काम करतो तो तिच्यात येतो आणि ज्याच्यापासून धोका आहे तो सुटतो. १९९१ पासून गॅसचे काम व्यवसाय म्हणून करणाऱ्यास नोंदणी कायद्याने बंधनकारक झाली. पुढे १९९८ च्या गॅस सुरक्षा नियमांनी भाड्याच्या घरातील गॅस उपकरणांची दरवर्षी नोंदणीकृत कारागिराकडून तपासणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकावर कायम ठेवली. तेथे या कारागिरास 'गॅस इंजिनिअर' म्हणतात. पदवीधर अभियंता असा त्याचा अर्थ नाही.

२००९ मधील बदल

कॉर्गीच्या नावाखाली नोंदणीखेरीज तांत्रिक पुस्तके व साधने यांची विक्री यांसारखे व्यवहारही चालत असत. कायद्याने सक्तीची केलेली नोंदणी आणि व्यापार एकाच नावाशी जोडलेले असावेत काय, हा प्रश्न त्यामुळे उभा राहू शकतो. आरोग्य व सुरक्षिततेवर देखरेख करणाऱ्या शासकीय यंत्रणेने व्यवस्थेचा फेरआढावा घेतला आणि नव्या नोंदवहीचे काम कॅपिटा या कंपनीकडे सोपविले. १ एप्रिल २००९ पासून इंग्लंड, वेल्स व स्कॉटलंड येथे 'गॅस सेफ रजिस्टर' अमलात आले; उत्तर आयर्लंडमध्ये ते एक वर्षाने, १ एप्रिल २०१० रोजी लागू झाले. त्या दिवसापासून कॉर्गीच्या ओळखपत्रास कायदेशीर किंमत उरली नाही.

या व्यवस्थेचे मर्म ओळखपत्रात आहे. पत्राच्या दर्शनी बाजूस छायाचित्र, परवाना क्रमांक व मुदत असते. मागील बाजूस तो कारागीर कोणकोणत्या प्रकारची कामे करण्यास पात्र आहे, याची नोंद असते. शेगडीचे काम येणाऱ्यास पाणी तापविण्याच्या संयंत्राचे काम येईलच असे नाही, हे तत्त्व येथे मान्य केले आहे. पात्रतेची परीक्षा दर पाच वर्षांनी पुन्हा द्यावी लागते आणि नोंदणीचे नूतनीकरण दरवर्षी करावे लागते. ग्राहक दूरध्वनीवरून किंवा संकेतस्थळावरून क्रमांक पडताळून पाहू शकतो. अर्थात, पडताळणीचा अधिकार निरीक्षकापुरता न राहता स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या व्यक्तीच्या हाती आला.

मात्र नाव बदलणे सोपे आणि सवय बदलणे अवघड असते. चाळीस वर्षांच्या परिचयामुळे बदलानंतरही अनेक ग्राहक 'कॉर्गी'चीच चौकशी करीत राहिले. विश्वास संस्थेच्या कागदपत्रांवर नव्हे तर परिचित नावावर बसतो. म्हणून नोंदणी बदलताना लोकशिक्षण हा त्या बदलाचाच भाग मानावा लागतो.

भारतातील व्यवस्था

भारतात घरगुती गॅसचे विपणन १९५५ मध्ये मुंबईत सुरू झाले. आज सिलिंडरविषयी २०१६ चे वायू सिलिंडर नियम आणि पुरवठ्याविषयी २००० चा नियंत्रण आदेश ही मुख्य चौकट आहे. नळाद्वारे गॅस देणाऱ्या कंपन्यांवर २००६ च्या कायद्याने स्थापन झालेल्या नियामक मंडळाची देखरेख असते. या चौकटीत सिलिंडर, रेग्युलेटर, नळी व शेगडी यांची मानके आहेत. तेल कंपनी व तिचा वितरक यांची जबाबदारी ठरलेली आहे. नवी जोडणी वितरकाचा मेकॅनिक करून देतो आणि दर पाच वर्षांनी तपासणी अपेक्षित असते. गळतीच्या तक्रारीसाठी १९०६ हा क्रमांक आहे. हायड्रोकार्बन क्षेत्रातील कौशल्य परिषदेने एलपीजी मेकॅनिक या कामाचे प्रशिक्षणही निश्चित केले आहे.

तथापि, ही रचना वस्तू आणि वितरक यांच्याभोवती उभी आहे. कारागीर हा तिचा केंद्रबिंदू नाही. देशातील प्रत्येक गॅस कारागिराचे नाव, पात्रता व मुदत ग्राहकास पडताळता येईल अशी ब्रिटनसारखी वैधानिक नोंदवही येथे नाही. आठवडी बाजारात शेगडी दुरुस्त करणारा माणूस कुशल असू शकतो किंवा नसूही शकतो. ग्राहकाजवळ भेद करण्याचे साधन नाही.

विजेच्या बाबतीत मात्र चित्र निराळे आहे. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतील नियम ४५ नुसार दिवा, पंखा वा फ्यूज बदलण्यासारखी किरकोळ कामे वगळता वायरिंगचे काम परवानाधारक ठेकेदाराकडून व पात्र व्यक्तीच्या देखरेखीखालीच करावयाचे होते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० व २०२३ च्या विनियमांत हे तत्त्व पुढे चालू राहिले. म्हणजे एकाच घरात भिंतीतील तारेसाठी परवान्याची अट आहे, परंतु ओट्यावरील शेगडी उघडणाऱ्यासाठी तशी सार्वजनिक ओळख नाही. ही विसंगती विचार करण्याजोगी आहे.

वनप्रदेशाच्या संदर्भात

ब्रिटनची पद्धती जशीच्या तशी येथे आणणे योग्य ठरणार नाही. तेथील वार्षिक शुल्क व परीक्षेचा खर्च खेड्यातील कारागिरास झेपणारा नाही. नोंदणी महाग झाली तर कारागीर तिच्या बाहेर राहील आणि ऐच्छिक नोंदणीचा जुना दोष सक्तीच्या नोंदणीतही उतरेल. दुर्गम गावात वितरकाचा माणूस येण्यास विलंब लागला की लोक जवळच्याच हाताला काम सांगतात. तेव्हा नोंदणीचा पहिला हेतू त्या जवळच्या हाताला शिक्षण देऊन व्यवस्थेत आणणे हाच असावा. तालुका पातळीवर अल्पमुदतीचे प्रशिक्षण, नाममात्र शुल्क, छायाचित्रासह मराठीतील ओळखपत्र आणि त्यावर करता येणाऱ्या कामांची यादी एवढ्या गोष्टींनीही बरेच साधेल. औद्योगिक प्रशिक्षण संस्था व गॅस एजन्सी यांच्या सहकार्याने अशी सुरुवात शक्य आहे. नोंदणीकृत कारागिरांची नावे ग्रामपंचायतीच्या फलकावर लावल्यास संकेतस्थळ न पाहू शकणाऱ्या ग्राहकासही पडताळणी करता येईल.

येथे आणखी एक बाब महत्त्वाची आहे. गावात एका घरी गॅसचा अपघात झाला की शेजारच्या घरांतील सिलिंडर कोपऱ्यात जाण्याची आणि चूल पुन्हा पेटण्याची शक्यता असते. चूल पेटली की सरपण लागते आणि सरपणासाठी जंगलात जावे लागते. अशा प्रदेशात गॅसवरील विश्वास ढळणे म्हणजे जुन्या संकटाकडे परतणे होय.

समारोप

रोनन पॉइंट येथील एका नटापासून गॅस सेफ रजिस्टरपर्यंतचा प्रवास चार दशकांचा आहे. ऐच्छिक नोंदणी अपुरी पडते, सक्तीची नोंदणी विश्वासार्ह राहण्यासाठी तिचा हेतू सुरक्षितता हाच असावा लागतो आणि ग्राहकाला पडताळता येत नसेल तर नोंदणी कागदावरच राहते, असे तीन निष्कर्ष त्यातून निघतात. सिलिंडर घरोघर पोहोचविण्याचे काम आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर झाले आहे. ते सुरक्षितपणे जोडणाऱ्या हातांची ओळख निश्चित करणे हे त्याचेच पुढचे पाऊल आहे.