हिशोब मोबाइलचा, डाव माणसांचा

साक्रीच्या बाजारात माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. फुटलेली स्क्रीन, सैल झालेली चार्जिंग पिन, फुगलेली बॅटरी ही नेहमीची कामं. उन्हाळ्याची सुट्टी लागली, आखाजी जवळ आली, की एक वेगळंच गिऱ्हाईक सुरू होतं. ‘भाऊ, घरात सगळ्यांना खेळता येईल असा एखादा चांगला गेम टाकून द्या.’ गेम टाकायचे पैसे मी घेत नाही, पण गेम भिकार निघाला तर बोलणी मलाच बसतात. म्हणून आधी स्वतः खेळून बघायचं, गुण द्यायचे आणि मगच दुसऱ्याच्या मोबाइलमध्ये टाकायचं, अशी रीत पडली. गोळीबाराचे गेम मी बघत नाही. लुडो, सापशिडी, कॅरम, बुद्धिबळ, व्यापार असे बैठे खेळ मोबाइलवर आले की त्यांचं काय होतं, एवढंच तपासतो.

प्ले स्टोअरवर तारे असतातच, मग वेगळे गुण कशाला, असं कोणीही विचारेल. त्या ताऱ्यांची गंमत आधी समजून घ्या. पुष्कळ गेम तारे कधी मागतात, ते नीट बघा. तुम्ही नुकताच डाव जिंकलेला असता, पडद्यावर फटाके उडत असतात, आणि तेव्हाच खिडकी उघडते : आवडला का गेम? हरलेल्याला सहसा कोणी विचारत नाही. दुसरं म्हणजे, २०१९ पासून गुगल सरासरी काढताना अलीकडच्या मतांना जास्त वजन देतं. ते बरंच आहे, कारण गेम सुधारतात तसे बिघडतातही. पण मत देणाऱ्यानं दहा मिनिटं खेळून दिलं की दहा दिवस, हे त्या आकड्यावरून कळत नाही. बोर्डगेमगीक या पटावरच्या खेळांच्या जागतिक संग्रहात क्रमवारी लावताना प्रत्येक खेळाच्या खात्यात आधीच काही मध्यम मतं धरून ठेवतात. त्यामुळे चार दोस्तांनी दहापैकी दहा दिले म्हणून नवा खेळ लगेच डोक्यावर जाऊन बसत नाही. आपण तारे बघताना तेच करावं : मतं थोडी असतील तर पाच ताऱ्यांना साडेतीन समजावं.

माझे गुण दहापैकी असतात. नियम बरोबर आहेत का, याला तीन. मोबाइल कोणतं काम स्वतः करतो आणि कोणतं खेळणाऱ्याकडे ठेवतो, याला दोन. एकाच मोबाइलवर घरातले चौघं खेळू शकतात का, याला दोन. नेटशिवाय चालतो का, याला एक. उरलेले दोन जाहिराती आणि पैशांचे. नेटसाठी माझी कसोटी सोपी आहे. आमच्याकडची पोरं कामाला सुरतेला जातात. कोंडाईबारी घाटात रेंज गेली आणि डावही गेला, तर तो एक गुण कापला. घरबसल्या तपासायचं असेल तर विमान मोड लावून गेम उघडावा.

सुरुवात लुडोपासून करू. नवी मुंबईच्या गेमेशन कंपनीचा लुडो किंग २०१६ साली आला. विकाश जयस्वाल यांनी तो काढला. २०२० च्या टाळेबंदीत रोज खेळणाऱ्यांचा आकडा पाच कोटींपुढे गेल्याचं कंपनीनं सांगितलं होतं. मूळ खेळ आपलाच, पचिशीचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी कवड्या काढून त्याला फासा दिला, लुडो म्हणून पेटंट घेतलं, आणि तोच रंगीत पुठ्ठ्यावर छापून आपल्याकडे परत आला.

लुडोबद्दल दुकानात येणारी तक्रार एकच : ‘भाऊ, हाऊ फासा लबाडी करस!’ सहा पडतच नाही, सोंगटी घरातच बसून राहते. मग मी कागद घेऊन गणित मांडतो. फासा सरळ असला तरी सलग दहा पाळ्यांत एकदाही सहा न पडण्याची शक्यता शंभरात सोळा असते. चौघं खेळत असतील, तर चौघांपैकी किमान एक जण सुरुवातीच्या दहा पाळ्या असाच बसून राहील, याची शक्यता निम्म्याहून किंचित जास्त निघते. म्हणजे दर दोन डावांमागे साधारण एकात कोणीतरी रडणारच, आणि बाकीचे तिघं मजेत असल्यामुळे दुकानात येणार तोच एक. खरंच शंका असेल तर ६०० वेळा फासा टाकून कागदावर रेघा मारा. सहा साधारण १०० वेळा पडायला हवा. ८० ते १२० च्या मध्ये आकडा आला तर फाशावर आळ घेऊ नये. ४० आला तर गेम खुशाल काढून टाका.

लुडो किंगला माझे सात. नियमांचे तीन पूर्ण, एकाच मोबाइलवर फिरवत खेळता येतो म्हणून दोन, नेटशिवाय चालतो म्हणून एक. कामाच्या वाटणीत एकच, कारण सोंगटी आपोआप सरकते आणि लहान पोरांची घरं मोजायची सवय जाते. जाहिराती आणि नाणी विकत घ्यायची दुकानदारी यांत शून्य.

खरी परीक्षा होते ती चिंचोक्यांच्या खेळात. कोणी त्याला अष्टाचंग म्हणतं, कोणी चल्लस-आठ. खडूनं पाच बाय पाच घरं आखायची, ठरावीक घरांत फुल्या मारायच्या. चिंचोका दगडावर घासून एका बाजूनं पांढरा करायचा, असे चार घ्यायचे. जितके पांढरे वर, तितकी घरं. चारही पांढरे पडले तर चार, चारही काळे पडले तर आठ. आता मोजा. चार चिंचोके सोळा तऱ्हांनी पडू शकतात. दोन पडायच्या सहा तऱ्हा, एक आणि तीनच्या प्रत्येकी चार, चार आणि आठची प्रत्येकी एकच. म्हणून तर आठ पडल्यावर ओसरीवर आरडाओरडा होतो. हा खेळ मोबाइलवर आणणाऱ्यानं पाचही दानं सारख्याच वेळा पाडली, तर चित्र कितीही देखणं असो, तो खेळ राहिला नाही. आठ दर पाचव्या पाळीला पडायला लागलं की त्याची किंमत संपली. शिवाय गावोगावचे नियम निराळे. कुठे समोरच्याची सोंगटी मारल्याशिवाय आतल्या घरांत शिरता येत नाही, कुठे येतं. हे नियम बदलायची सोय सेटिंगमध्ये नसेल तर नियमांच्या तिनातला एक गुण मी तिथेच कापतो. आईच्या माहेरचे आणि बाबांच्या गावचे नियम वेगळे असतात, हे गेम करणाऱ्याला माहीत असायला हवं.

कॅरमला मोबाइलवर मी पाचाच्या वर जात नाही. नऊ काळ्या, नऊ पांढऱ्या आणि राणी, सगळं जागच्या जागी असतं. राणी घेतली की कव्हर द्यायचा नियमही असतो. पण बहुतेक गेममध्ये बोट ओढलं की सोंगटी कुठे जाणार याची रेघच पडद्यावर उमटते. कॅरममध्ये अंदाज हाच खेळ आहे. पावडर किती, बोर्ड ओलसर झालाय का, स्ट्रायकर जड की हलका, हे बोटाला कळावं लागतं. ते काम मोबाइलनं घेतलं, मग माणसानं करायचं काय?

बुद्धिबळाचं बरोबर उलटं. त्यात हाताचं कौशल्य नाही, नशीब नाही, त्यामुळे पट लाकडाचा असो की काचेचा, खेळ तसाच्या तसा उतरतो. फ्रान्सच्या थिबो ड्युप्लेसी यांनी २०१० साली सुरू केलेलं लीचेस देणग्यांवर चालतं. एकही जाहिरात नाही, विकायला नाणी नाहीत. खेळून झाल्यावर डाव कुठे फिरला, ते संगणक फुकटात दाखवतो. एकाच मोबाइलवर दोघं समोरासमोर बसू शकतात. चौघांची सोय बुद्धिबळात होणं नाही, म्हणून एक कापला, नऊ. जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखनं महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हापासून मुलींसाठी बुद्धिबळ टाकून द्या म्हणणारे पालक वाढले आहेत. त्यांना मी हेच देतो.

व्यापाराचं प्रकरण नाजूक आहे. मूळ खेळ एलिझाबेथ मॅगी या अमेरिकन बाईचा. जमीन मूठभरांच्या हातात गेली की बाकीच्यांचं काय होतं, हे दाखवायला तिनं १९०४ साली त्याचं पेटंट घेतलं. १९३५ मध्ये पार्कर ब्रदर्सनं तोच खेळ मोनोपॉली म्हणून विकला, आणि आपल्याकडे मुंबई-दिल्ली छापलेला व्यापार घरोघर गेला. मोबाइलवर बँक आपोआप चालते. भांडण नाही, नोटा हरवत नाहीत. मोठ्यांना हे सोयीचं वाटतं. पण दहा वर्षांच्या पोरासाठी बँकच खरा खेळ होता. पाचशेची नोट दिली, भाडं एकशे साठ, परत किती द्यायचे? हे तोंडी करता करता पोरं वजाबाकीत पक्की व्हायची. ते काम मोबाइलनं उचललं, उरलं ते नुसतं बटण दाबणं.

हिशोब मोबाइलकडे गेला म्हणून खेळ नेहमीच बिघडतो, असंही नाही. थ्रू द एजेस नावाचा चेक खेळ आहे, व्लादा ख्वातिल यांचा, २००६ सालचा. एक राज्य पुरातन काळापासून आधुनिक काळापर्यंत न्यायचं. पटावर खेळायला बसलं तर तीन-चार तास जातात, आणि त्यातला बराच वेळ धान्य, खनिज, लोकसंख्या यांचे ठोकळे इकडून तिकडे सरकवण्यात जातो. २०१७ साली आलेल्या मोबाइल आवृत्तीनं ते सगळं ओझं स्वतःकडे घेतलं आणि विचार तेवढा माणसाकडे ठेवला. पेटीसाठी काही हजार मोजावे लागतात, ॲप काहीशे रुपयांत येतं. इंग्रजी वाचावं लागतं, ही त्याची अडचण.

म्हणजे प्रश्न मोबाइल चांगला की पट, असा नाहीच. प्रत्येक खेळात एक काम हमालीचं असतं आणि एक काम मजेचं. हमाली मोबाइलनं घ्यावी, मजा माणसाला ठेवावी. लुडोत सोंगट्या मांडणं हमाली, कॅरममध्ये नेम धरणं मजा. व्यापारात नोटा मोजणं बापाला हमाली वाटते, पोराला मजा. कोणासाठी टाकताय, ते कळल्याशिवाय मी गुण सांगत नाही.

पैशांचे दोन गुण मात्र सगळ्यांना सारखेच. पूर्वी पैसे लावून लुडो खेळायचे ॲप टाकून द्या म्हणणारी पोरंही यायची. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, २२ तारखेला राष्ट्रपतींनी त्याला मंजुरी दिली. खेळ कौशल्याचा की नशिबाचा हा वाद त्यानं बाजूला सारला : पैसे लावले की बंदी. आखाजीला खानदेशात पत्त्यांचे डाव बसतात, हे कोणापासून लपलेलं नाही. पण तिथे समोरचा माणूस ओळखीचा असतो आणि खिसा रिकामा झाला की उठावंच लागतं. मोबाइलमध्ये समोर कोण आहे ते दिसत नाही, आणि खिसा थेट बँकेला जोडलेला असतो.

विकत घेतलेलं ॲप कायम राहीलच असंही नाही. टिकट टू राइड या आगगाड्यांच्या प्रसिद्ध खेळाची नवी आवृत्ती २०२३ मध्ये आली आणि जुनी विक्रीतून गेली. कपाटातल्या पुठ्ठ्याच्या पेटीचं असं होत नाही.

तेव्हा गेम उतरवण्याआधी एवढं करा. नावाखाली ‘जाहिराती आहेत’ आणि ‘ॲपमधील खरेदी’ लिहिलंय का, ते बघा. मतं नव्यापासून लावून एक-दोन ताऱ्यांची आधी वाचा. तक्रार फाशाची असेल तर सोडून द्या, पैसे कापल्याची असेल तर गेम सोडून द्या. पोराच्या हातात मोबाइल द्यायच्या आधी प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये खरेदीला पासवर्ड लावा. आणि चिंचोके घासून ठेवायला काही पैसे पडत नाहीत. बॅटरी संपली की मुलं तुमच्याकडेच बघणार आहेत.