प्लास्टिक गेले कोठे? : समुद्राच्या एका दप्तराचे पुनर्वाचन

शिलालेख कोरविला जातो तो दानाची नोंद राहावी म्हणून. परंतु शतकांनंतर भाषेचा अभ्यासक त्यातून मराठीचे प्राचीन रूप वाचतो. ज्या हेतूने दप्तर राखले जाते, त्याहून सर्वस्वी निराळ्या प्रश्नाचे उत्तर ते पुष्कळदा देऊन जाते. साहित्याच्या अभ्यासकाला परिचित असलेला हा अनुभव सागरविज्ञानातही कसा आला, ते येथे पाहावयाचे आहे.

इंग्लंडमधील प्लिमथ विद्यापीठाचे सागरी जीवशास्त्रज्ञ रिचर्ड टॉम्सन यांचा मूळ अभ्यासविषय प्लास्टिक नव्हे, तर किनाऱ्यावरील खडकांवर वाढणारी जीवसृष्टी हा होता. किनाऱ्यावरील कचऱ्यात मोठ्या वस्तू सर्वांच्याच नजरेस येत. टॉम्सन यांचे लक्ष वेधले ते बारीक तुकड्यांनी. प्लास्टिकचे उत्पादन दशकानुदशके वाढत होते आणि हा पदार्थ सहजासहजी कुजत नाही. मग समुद्रात गेलेले सारे प्लास्टिक कोठे आहे? उन्हाने ते ठिसूळ होते, लाटांच्या माऱ्याने फुटते; परंतु फुटणे म्हणजे नाहीसे होणे नव्हे.

प्लिमथच्या परिसरातील पुळणी, खाड्या आणि समुद्रतळ येथील गाळाचे नमुने टॉम्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासले. अवरक्त किरणांच्या साहाय्याने संशयित कणांची रासायनिक ओळख पटविण्यात आली, तेव्हा त्यांपैकी सुमारे एक तृतीयांश कण कृत्रिम बहुवारिकांचे, म्हणजे प्लास्टिकचे ठरले. काहींचा व्यास अवघा २० मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी होता.

हे कण केव्हापासून साचत आहेत, हा पुढचा प्रश्न होता. त्याचे उत्तर एका जुन्या दप्तरात मिळाले. ॲलिस्टर हार्डी यांनी १९२० च्या दशकात एक यंत्र सिद्ध केले होते. जहाजामागून ते ओढत नेले म्हणजे पाण्यातील प्लवक, अर्थात प्रवाहाबरोबर तरंगणारे सूक्ष्म जीव, त्यातील रेशमी जाळीच्या पट्ट्यावर अडकतात आणि तो पट्टा जपून ठेवता येतो. १९३१ पासून व्यापारी जहाजांच्या साहाय्याने ही पाहणी चालू आहे. प्लवकांची गणना एवढाच तिचा हेतू होता. स्कॉटलंडच्या उत्तरेस, ॲबरडीन ते शेटलंड आणि सुले स्केरी ते आइसलंड या दोन मार्गांवरील पट्टे पुन्हा तपासले असता १९६० च्या दशकातील पट्ट्यांवरही प्लास्टिक आढळले, आणि १९८० व १९९० च्या दशकांत त्याचे प्रमाण लक्षणीय रीतीने वाढल्याचे दिसून आले. जाळीच्या छिद्रांतून निसटून गेलेले कण या गणतीत आलेच नाहीत, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

२००४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या या संशोधनामुळे ‘सूक्ष्मप्लास्टिक’ ही संज्ञा रूढ झाली. कुजका पाला खाणारे, गाळ गिळणारे आणि पाणी गाळून अन्न मिळविणारे अशा तीन प्रकारच्या जीवांवर केलेल्या प्रयोगांत तिन्ही प्रकारच्या जीवांनी हे कण थोड्याच दिवसांत गिळले. तथापि गिळणे सिद्ध झाले म्हणजे अपाय सिद्ध झाला, असे मात्र नव्हे. तो निराळ्या संशोधनाचा विषय आहे, हा विवेक या संशोधकांनी राखला.

पुढील संशोधनात लक्ष उगमाकडे वळले. चेहरा धुण्याच्या प्रसाधनांतील सूक्ष्म मणी प्लास्टिकचे असतात, तर कृत्रिम धाग्यांचे ६ किलो कपडे यंत्रात एकदा धुतल्याने ७ लाखांहून अधिक तंतू सुटू शकतात, असे प्लिमथ येथील संशोधनात २०१५ व २०१६ साली दिसून आले. धुऊन टाकावयाच्या प्रसाधनांत असे मणी घालण्यावर ब्रिटनने २०१८ साली बंदी घातली.

या साऱ्याचे तात्पर्य एवढेच की, किनाऱ्यावरची बाटली उचलता येते. तिचा चुरा समुद्रभर पसरल्यावर तो वेचता येत नाही. म्हणून उपाय करावयाचा तो उगमाशीच केला पाहिजे. दुसरे असे की, उपयोग ठाऊक नसतानाही कोणी तरी रेशमाचे पट्टे वर्षानुवर्षे सांभाळले, म्हणूनच हा प्रश्न विचारता आला. आज आपण गाळात आणि पाण्यात जे सोडीत आहोत, तेही एक दप्तरच आहे. ते वाचणारे आपल्यामागून येणार आहेत.