पाण्याचं गणित आणि राजपुत्राची धाव

हिंगोली जिल्ह्यातल्या सिद्धेश्वर धरणाच्या काठावर उभं राहून खाली पाहिलं, तर पायाशी पाण्याचा तळ किंवा गढूळपणा दिसतो. नजर दूर गेली की त्याच पाण्यात आभाळ उतरतं. नजर जितकी तिरपी, तितकं प्रतिबिंब ठळक. फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात मांडलेलं हे गणित आज व्हिडिओ गेममधलं पाणी रंगवायला सर्रास वापरतात. पूर्वी गेममधली नदी म्हणजे नुसता निळा पट्टा असे. २०१८ मध्ये आलेल्या एनव्हिडिया कंपनीच्या आरटीएक्स ग्राफिक्स कार्डांमुळे घरच्या पीसीवरही, खेळ चालू असतानाच, प्रकाशकिरणांचा माग काढता येऊ लागला. सेकंदाला ६० चित्रं हवी असतील, तर या कामासाठी एकेका चित्राला १७ मिलिसेकंदही मिळत नाहीत.

ही ताकद नव्हती तेव्हाची करामत ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ या जुन्या गेममध्ये पाहावी.

गेमचा निर्माता जॉर्डन मेकनर याने धाकट्या भावाला पांढऱ्या कपड्यांत पळायला, उड्या मारायला लावलं, त्याचं व्हिडिओ चित्रण केलं आणि त्यावरून एकेक हालचाल उतरवून घेतली. १९८९ मध्ये हा गेम ॲपल टू कॉम्प्युटरवर आला. पडदा २८० बाय १९२ ठिपक्यांचा, म्हणजे जेमतेम ५४ हजार. आजच्या फुल एचडी पडद्यावर वीस लाखांहून जास्त असतात. तरीही कड्याला लोंबकळणारा तो राजपुत्र खरा वाटतो, कारण अंगाचा तोल खऱ्या माणसाचा आहे. शत्रूचं नवं चित्र ठेवायला मेमरी उरली नव्हती. मेकनरने राजपुत्राच्याच चित्रावर गणिती प्रक्रिया करून त्याची सावली घडवली आणि तिलाच प्रतिस्पर्धी केलं. अडचणीतून इतकं देखणं पात्र क्वचितच जन्मलं असेल.

‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ मालिकेतल्या २००३ च्या ‘सँड्स ऑफ टाइम’ या गेमला नवं रूप देण्याचं काम युबिसॉफ्ट या गेम कंपनीच्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे आलं. सप्टेंबर २०२० मध्ये ट्रेलर आला आणि चित्रं जुनाट दिसतात म्हणून खेळाडूंनी झोडपला. २०२२ मध्ये काम कंपनीच्या मॉन्ट्रियलमधल्या स्टुडिओकडे गेलं. लोकांच्या मनातला जुना गेम मूळ गेमपेक्षा कितीतरी सुंदर झालेला असतो. त्याच्याशी झुंजणं सोपं नव्हतं.

त्याच २०२० मध्ये पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सच्या छोट्या चमूने ‘राजी’ हा गेम आणला. हुबेहूबपणाच्या शर्यतीत न उतरता त्यांनी पहाडी लघुचित्रं आणि राजस्थानी वास्तुकलेचा आधार घेतला. कथेचे दुवे छायाबाहुल्यांनी सांगितले. पिंगुळी गावच्या ठाकर कलावंतांकडेही चामड्याच्या बाहुल्या आणि चित्रकथीच्या पोथ्या आहेत. पुण्यातल्या एखाद्या स्टुडिओने आता त्यांच्याकडे जाऊन बसावं.