लाल खांद्याचे ब्लॅकबर्ड आणि मुरघासाचं शेत

ब्लॅकबर्ड म्हटलं की सह्याद्रीत फिरणाऱ्यांना कस्तूर आठवेल. तो जरा बाजूला ठेवा, तो थ्रशच्या कुळातला. आजचे ब्लॅकबर्ड अमेरिकेतले, इक्टेरिडी कुळातले. त्यांची प्रजाती अगेलायस. (मी जीनसला प्रजाती आणि स्पीशीजला जाती म्हणतेय.) हे नाव १८१६ सालचं, मूळ ग्रीक, अर्थ थव्याने राहणारा. पूर्वी यात दक्षिण अमेरिकेतले बरेच पक्षीही कोंबलेले होते. डीएनए तपासल्यावर ते दूरचे निघाले. आता उरल्यात पाच जाती.

त्यातल्या तीन कॅरिबियन बेटांवरच्या. प्युर्टो रिकोतल्या पिवळ्या खांद्याच्या ब्लॅकबर्डच्या घरट्यात काउबर्ड अंडी घालतो, आपली कोकिळा कावळ्याच्या घरट्यात घालते तशी. गंमत म्हणजे काउबर्डही त्याच कुळातला!

उरलेल्या दोन मला जास्त छळतात. रेड-विंग्ड आणि ट्रायकलर्ड. दोघांचे नर काळे, खांद्यावर लाल पट्टा. फरक पट्ट्याच्या किनारीत: पहिल्याची बहुधा पिवळी, दुसऱ्याची पांढरी. पण रेड-विंग्ड उत्तर अमेरिकेतल्या सर्वाधिक संख्येच्या पक्ष्यांपैकी एक, आणि ट्रायकलर्ड २०१८पासून कॅलिफोर्नियाच्या संकटग्रस्त यादीत. असं का?

रेड-विंग्डचा नर रस्त्याकडेच्या पाणकणसाच्या डबक्यातही आपली हद्द आखतो. एक घरटं गेलं तर एकच जातं. ट्रायकलर्ड मात्र हजारोंच्या वसाहतीत, जवळपास एकाच वेळी अंडी घालतात. त्यांना दाट झाडोरा, जवळ पाणी आणि भरपूर किडे लागतात. कॅलिफोर्नियाच्या सेंट्रल व्हॅलीतल्या नव्वद टक्क्यांहून अधिक पाणथळ जागा गेल्या. मग पक्षी उतरले दूधवाल्यांच्या चाऱ्याच्या शेतात.

इथेच घोळ झाला. मुरघासासाठी चारा दाणा पूर्ण पिकण्याआधीच कापावा लागतो, आणि तेव्हा घरट्यांत पिल्लं असतात. यंत्र फिरलं की अख्खी वसाहत संपते. २००८ साली सुमारे ३ लाख ९५ हजार पक्षी मोजले होते, २०१४ साली सुमारे १ लाख ४५ हजार.

शेतकऱ्याला खलनायक ठरवू नका. कापणी लांबली की चाऱ्याचा कस उतरतो, तोटा त्याचाच. म्हणून पिल्लं उडेपर्यंत थांबणाऱ्यांना आता भरपाई मिळते. अडचण एवढीच की ही मंडळी दरवर्षी त्याच शेतात येतील असं नाही. त्यामुळे प्रत्येक वसंतात वसाहत कुठे बसली, ते कापणीच्या आधी नव्याने शोधावं लागतं.