गल्ल्यावरची हसरी मूर्ती

गंगापूरसारख्या तालुक्याच्या गावी मोबाइलच्या एखाद्या दुकानात शिरलं, की गल्ल्याशेजारी सुटलेल्या पोटाचा, झोळी घेतलेला हसरा पुतळा दिसतो. लाफिंग बुद्धा. विहारात वंदनेला जाणाऱ्या मुलाला हा बुद्ध ओळखू येत नाही, आणि त्याचं बरोबरच आहे. हा सिद्धार्थ गौतम नव्हेच. दहाव्या शतकातला बुदाई नावाचा हा चिनी भिक्खू; नावाचा अर्थच कापडी झोळी. पुढे होणाऱ्या मैत्रेय बुद्धाचा तो अवतार, अशी तिकडची श्रद्धा. आपल्याकडे तो फेंगशुईच्या लाटेबरोबर आला आणि पैसा ओढणारी वस्तू होऊन बसला.

चिनी माणसं देवधर्म मानत नाहीत, ही आपली दुसरी पक्की समजूत. ती निम्मीच खरी आहे. कम्युनिस्ट पक्षाच्या सदस्याला धर्म पाळायला मनाई आहे. सरकारमान्य धर्म पाचच: बौद्ध, ताओ, इस्लाम, कॅथलिक आणि प्रोटेस्टंट. तिबेटी बौद्धांवर आणि शिनच्यांगमधल्या मुस्लिमांवर तर कडक पहारा असतो.

घराघरातलं चित्र मात्र निराळं आहे. आपल्या जनगणनेत माणसामागे एकाच धर्माची नोंद होते, म्हणून जग तसंच विभागलेलं असेल असं आपण धरून चालतो. चिनी भाषेत ‘धर्म’ या आधुनिक अर्थाचा शब्दच एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जपानमार्गे रुळला. ताओ मंदिरात उदबत्ती लावणारी आणि घरच्या मयताला बौद्ध भिक्खूंकडून पाठ करवून घेणारी चिनी आजी, धर्म विचारला तर ‘कोणताच नाही’ असंही सांगेल. एवढ्यावरून तिला नास्तिक ठरवणं हा तिच्यावर अन्याय आहे. एप्रिलच्या सुरुवातीला छिंगमिंगच्या दिवशी हीच आजी पूर्वजांची थडगी झाडते, नैवेद्य ठेवते, त्यांच्या खर्चासाठी कागदी नोटा जाळते. पितृपंधरवड्यात पितरांचं पान वाढणाऱ्या मराठी घराला हे परकं वाटायचं कारण नाही. 2008 पासून छिंगमिंगला चीनभर सुटी असते.

अशा अनेक चिनी घरांच्या देव्हाऱ्यात क्वानयिन असते. हाकेला धावून येणारी करुणेची देवी. ती मूळची भारतातली, बोधिसत्त्व अवलोकितेश्वर. चीनमध्ये काही शतकांत त्याला स्त्रीरूप मिळालं. संभाजीनगरला बीबी का मकबऱ्यामागच्या डोंगरात जी लेणी आहेत, त्यांतल्या सातव्या लेण्याच्या ओसरीत तो पुरुषरूपात उभा आहे. दोन्ही बाजूंना आग, साप, हत्ती, बुडतं जहाज अशी आठ संकटं कोरलेली आणि प्रत्येकातून हात जोडून त्याला साद घालणारी माणसं. गंगापूरहून एसटीने तास-दीड तासात संभाजीनगरला पोचता येतं.